काटा नसेल तर ते झाड नाही

कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मीरा आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही. तीन मुली, तीन खाटा आणि माझी पुस्तकं. म्हणून उभ्यानेच केला आहे, तो गोड मानून घे.

दिवाळीला चांदीपला चारच दिवस राहिले, पण परतताना हातावर सात ओरखडे घेऊन आले. आई विचारत होती, आत्याने मांजर पाळलंय का? मांजर नाही, तुझं कुंपणाचं झाड. ओहोळाच्या बांधावरचं. भात कापून झालं की दर वर्षी ज्याच्या फांद्या तोडून तू वालाच्या वाफ्यांभोवती लावतेस, तेच.

आत्या, ते साधं झाड नाही. इथे येऊन पुस्तकाशी ताडून पाहिलं. त्याला अट्टक म्हणतात. बारा महिने हिरवं असतं, पानांच्या कडेला बोथट दाते, टोक ओढून लांब केल्यासारखं, देठापासून तीन ठळक शिरा आणि पानाच्या पाठीवर बारीक लव. कोवळी पालवी तांबूस. आणि काटे! खोडावर एका काट्यातून दुसरे काटे फुटलेले. हे झाड डोंगरातलं. आपल्याकडे खाली सपाटीला ते कुणाला दिसल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या विभागात वाळवलेले हजारो नमुने आहेत, त्यात वसई तालुक्यातला एकही नाही. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी हेच झाड घेतलं आहे आणि मॅडमनी होकार दिला आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, या वर्षी कुंपणासाठी त्याची फांदी तोडू नकोस, नाहीतर फुलं येणार नाहीत. दोन, डिसेंबर-जानेवारीत फुलं आली की फुलांसकट चार डहाळ्या वर्तमानपत्रात दाबून मला पोस्टाने पाठव. सिद्धेशच्या फोनवरचे फोटो नकोत. त्यात झाड कमी आणि त्याचा अंगठा जास्त असतो. मला फूल हातात हवं.

बाबाला बोळिंजच्या सोसायटीतल्या शोभेच्या झाडांची सगळी इंग्रजी नावं पाठ झाली आहेत. माळीकाम करता करता तो पाइपनेच एकेकाकडे बोट दाखवून मला नावं सांगतो. आणि आपल्याच बांधावरच्या झाडाला नाव नाही, हे मला फार लागलं. आपल्या घरात पदवीपर्यंत पहिली मीच पोचले. ती भिंतीवर लावायला नाही घेतली.

तुझी,
ज्ञानदा

चांदीप
२५ नोव्हेंबर २०२४

ज्ञानदा,

आशीर्वाद. किती ते मोजत बसू नको, अभ्यास कर.

तुझं पत्र सिद्धेशने आणून दिलं. फोन केला नाहीस हे बरं केलंस. उजवा कान गेला, डावा जायच्या बेतात आहे. फोनवर तू हॅलो हॅलो करतेस आणि मी हो हो करते, पुढे काय ठरलं ते दोघींनाही कळत नाही. कागदावरचं चार वेळा वाचता येतं.

झाडाला हात लावला नाही. पण कुंपण काय आकाशातून आणू? डुकरं डोंगरावरून रोज उतरतात. शेजारची वत्सला म्हणाली, "मीरे, भाचीचं झाड राखतेस नि वालाला कोन राखनार?" मी म्हटलं, "तूच बस बांधावर. तुझा आवाज ऐकून डुकरं तुंगारेश्वरापार पळतील." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर मागायला आली.

सिद्धेशचं डोकं सध्या खोल्यांत आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं शेतावर राहायला येतात, त्यांच्यासाठी घरामागे दोन खोल्या काढायच्या म्हणतो. दिराचा पोरगा, वाईट नाही. दिराच्या माघारी जमीन त्याची नि माझी सामाईक आहे, त्याने मला कधी कमी धरलं नाही. पण एकदा मनात आलं की त्याला पुढचं दिसत नाही.

आता एक विचारायचं होतं. घरामागे अंगणात जुनं झाड आहे. तू बघितलंयस, त्याच्याच खाली आपण फटाके वाजवले. त्याचं पान मला तुझ्या अट्टकासारखंच वाटतं. कडेला दाते आहेत, खालून लव आहे. काटा मात्र नाही. एक पान पाकिटात घातलंय. नीट बघ आणि तेच झाड आहे का ते लिहून पाठव. सविस्तर लिही, पुस्तकात असतं तसं. आणि लवकर लिही.

तुझ्या बारशाला हे नाव मी तुझ्या कानात सांगितलं. तुझा बाप संगीता ठेवणार होता. आता नावाचा उपयोग कर.

मीरा आत्या

कोल्हापूर
६ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

उशिराबद्दल रागावू नकोस, परीक्षा चालू आहे. आज दोन पेपरांमध्ये एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून घाईत लिहिते. तुला तरी घाई कसली झाली होती? झाड काही कुठे पळून जात नाही.

पुस्तकात असतं तसं लिही म्हणालीस, म्हणून तसंच सांगते. झाड ओळखायला आमच्याकडे एक तक्ता असतो. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न, हो किंवा नाही. आपल्या झाडापर्यंत पोचायच्या वाटेवर पहिलीच पायरी अशी: खोड काटेरी असेल तर पाचव्या ओळीवर जा, बिनकाट्याचं असेल तर नवव्या ओळीवर. अट्टक पाचव्या ओळीच्या पुढे आहे. नवव्या ओळीवरून तिकडे जायला वाटच नाही. तेव्हा काटा नसेल तर ते झाड नाही. हे वाक्य देवघरात लिहून ठेवलंस तरी चालेल.

पानं एकमेकांसारखी दिसतात गं. पानावर विसंबायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. तुझं पान मिळालं, वहीत ठेवलं आहे. अंगणातलं ते काहीतरी नेहमीचंच असणार, त्याची काळजी करू नको. काळजी बांधावरच्याची कर. आपलं सोनं ते आहे.

सिद्धेशच्या खोल्यांचं ऐकून बरं वाटलं. तुला सोबत होईल. पाहुण्यांना झाड दाखवताना नाव नीट सांग म्हणावं त्याला.

वत्सलामावशीला नमस्कार. फुलांची वाट बघते.

तुझी,
ज्ञानदा

चांदीप
२१ जानेवारी २०२५

ज्ञानदा,

आशीर्वाद.

फुलं आली. वर्तमानपत्रात दाबून दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून पाठवली आहेत. पोस्टातला माणूस विचारत होता, आत काय आहे? मी म्हटलं, वाळलेली फुलं. तो म्हणाला, कुठल्या देवाची? मी म्हटलं, भाचीच्या.

फूल म्हणायला काही नाही त्यात. पाकळ्या नाहीत, नुसते पिवळे दोरे. मधमाशा मात्र दिवसभर होत्या. तोडताना बोटात काटा गेला, तो वत्सलाने सुईने काढला.

वाल डुकरांनी खाल्ले. पाव वाफा उरला. सिद्धेशने तारेचं कुंपण आणून देतो म्हटलं, मी नको म्हटलं.

घरामागे आता ऊन येतं. पापड वाळत घालायला बरं पडतं.

तुझं ते वाक्य देवघरात लिहिलं नाही. सिद्धेशला मात्र पाठ झालं आहे.

तब्येत सांभाळ. जास्त लिहीत नाही.

मीरा आत्या

कोल्हापूर
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पार्सल उघडलं आणि अख्ख्या प्रयोगशाळेत मधाचा वास पसरला. एकही फूल मोडलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, इतकं नीटनेटकं काम आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडूनही होत नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर "गोळा करणार" असा एक रकाना असतो. तिथे मी तुझं नाव लिहिलं आहे. शंभर वर्षांनी कुणी ते कपाट उघडलं तरी चांदीपची मीरा घरत तिथे असेल.

तू लिहिलंस तसंच आहे. पाकळ्या नाहीत, नुसते पुंकेसर. मी सूक्ष्मदर्शकाखाली छत्तीस फुलं उघडून पाहिली. एकाही फुलात बीजकोश नाही. आत्या, या जातीत नर झाड वेगळं आणि मादी वेगळं असतं. आपलं बांधावरचं झाड नर आहे. त्याला फळ कधीच धरणार नाही.

हे कळल्यापासून मला झोप लागेना. एकटा नर म्हणजे झाडांचा शेवट. तो जाईल त्या दिवशी आपल्या गावातून ही जात संपेल. पण मॅडमचं म्हणणं असं की नर इतका जुना आहे तर जवळपास कुठेतरी मादी असणार किंवा होती. म्हणून तुला मोठं काम देते. ओहोळाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी चौकशी कर. गुराख्यांना विचार, वत्सलामावशीला विचार. काटेरी झाड, एप्रिलच्या शेवटापासून फळं येतात. फळ बोराएवढं, गोल, पिकलं की लालभडक, रसाळ आणि आंबट. आत सहा-आठ चपट्या बिया. पोरंबाळं नक्की खात असणार, कारण असं फळ कुणी सोडत नाही.

मी लहानपणी मे महिन्यात नेहमी आईच्या गावी असायचे, त्यामुळे तुझ्याकडचा उन्हाळा मी कधी पाहिलाच नाही. या वर्षी येणार. मादी सापडली असेल तर मी तिच्याखाली बसून फळं खाईन आणि मग प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीन.

तुझी,
ज्ञानदा

चांदीप
२४ फेब्रुवारी २०२५

ज्ञानदा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. मग वत्सलाला वाचून दाखवलं. ती उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. 

लाल, बोराएवढी, आंबट, आत चपट्या बिया. हे शोधायला मला डोंगराच्या पायथ्याशी जायला नको. चाळीस वर्षं मी ती खाल्ली आहेत. अंगणातल्या झाडाची. आम्ही त्याला आंबटाचं झाड म्हणायचो. वैशाखात पंधरा-वीस दिवस फळ असायचं. त्या दिवसांत दुपारी पाड्यावरच्या सगळ्या बाया मागच्या अंगणात यायच्या. मीठ-मिरचीची वाटी मध्ये, आणि उखाळ्यापाखाळ्या. तुझे आतोबा गेले त्या वर्षी मी कुणाला बोलावलं नाही, तरी आल्या. फळं खाल्ली, भांडी घासली, गेल्या.

ते झाड आता नाही. सिद्धेशने मार्गशीर्षात तोडलं. खोल्या तिथेच यायच्या होत्या. तुझं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी.

काटा नव्हता गं त्याला. एकही नव्हता. तुझं पत्र आल्यावर मी खोडावरून दोन्ही हात फिरवून पाहिले. वर पोचतील तितके, खाली वाकून मुळापर्यंत. गुळगुळीत होतं.

म्हणून गप्प बसले.

तुझ्या चिठ्ठीवर माझं नाव आहे ते खोडता येतं का बघ.

मीरा आत्या

कोल्हापूर
४ मार्च २०२५

आत्या,

पत्र प्रयोगशाळेत उघडलं. उघडायला नको होतं तिथे. वाचून झाल्यावर काय केलं ते मला नीट आठवत नाही. मैत्रीण सांगते, मी वही शोधत होते आणि ती माझ्याच हातात होती.

तू नोव्हेंबरमध्ये पाठवलेलं पान त्या वहीत होतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं, आत्या. पाकिटातून काढलं आणि पानांमध्ये ठेवून दिलं. "पान मिळालं" असं तुला लिहिलं. आज ते बांधावरच्या झाडाच्या पानाशेजारी ठेवलं. दाते मोजले. शिरा पाहिल्या. लव पाहिली. मग दोन्ही पानं डोळे मिटून हलवली आणि कोणतं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आलं नाही.

मॅडमकडे गेले. त्यांनी ग्रंथाचा तोच खंड काढला. मी तक्ता वाचला होता. तक्त्याच्या पुढच्या पानावर झाडाचं पूर्ण वर्णन आहे. ते मी वाचलं नव्हतं. मला वाटलं, उत्तर तर मिळालं, आता वाचायचं काय? त्या वर्णनात सातव्या ओळीत लिहिलं आहे: "कोवळ्या खोडावर व नव्या फुटव्यांवर काटे तीक्ष्ण, जुन्या झाडांवर विरळ, अथवा नसतात."

अथवा नसतात. मी ती ओळ बोटाने झाकली आणि पुन्हा उघडली. ती तिथेच होती.

मॅडम म्हणाल्या, काटे हे झाडाच्या लहानपणाचं राखण असतं. गुरांच्या तोंडापेक्षा उंच गेलं, म्हातारं झालं की त्याला काट्यांची गरज उरत नाही. मी विचारलं, मग बांधावरचं तेवढंच जुनं असून काटेरी कसं? त्यांनी मलाच उलट विचारलं, त्याचं तुम्ही काय करता? आणि माझ्या तोंडून उत्तर आलं. आपण दर वर्षी कुंपणासाठी ते तोडतो. दर वर्षी त्याला नवे फुटवे येतात आणि दर वर्षी त्याला पुन्हा लहान व्हावं लागतं. म्हणून ते काटेरी. अंगणातल्याला चाळीस वर्षांत कुणी कोयता लावला नाही, म्हणून ते गुळगुळीत. एकच जात. एक कुंपणाचं, एक अंगणातलं. मी तुझ्या घरात जन्मभर येते-जाते आहे. हे मला दिसायला हवं होतं.

मी तुला "देवघरात लिहून ठेव" म्हटलं होतं. "नेहमीचंच काहीतरी" म्हटलं होतं.

आत्या, तू मला का नाही सांगितलंस? एक ओळ लिहायचीस, की झाड तुटणार आहे. मी परीक्षा सोडून आले असते. मी दोष देत नाही. तो अधिकार मला नाही. पण मला कळत नाही.

प्रबंधाचा विषय बदलून मागणार आहे. मॅडमना अजून बोलले नाही. मला वाटतं, ज्या मुलीने एक ओळ वाचून थांबायचं ठरवलं, तिने झाडांच्या नादी लागू नये. बाबा पाइप धरून नावं पाठ करतो, तो माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे.

तुझं नाव चिठ्ठीवरून खोडणार नाही. माझं खोडावं लागेल.

ज्ञानदा

चांदीप
३० मार्च २०२५

ज्ञानदा,

मी सिद्धेश. तुला पाच वेळा फोन केला, तू उचलत नाहीस. म्हणून आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितोय. चुका काढू नको, दहावीला मराठीत अडतीस होते.

काकीने तुला उत्तर पाठवलं नाही ते मला माहीत आहे. तुझं पत्र तिच्या उशीखाली आहे. ती रागावलेली नाही. राग आला की ती भांडी आपटते, आणि हल्ली घरात कसलाच आवाज नाही. हेच मला जास्त टेन्शन देतंय.

तू विचारलंस की तिने सांगितलं का नाही. तुला ते कळायला पाहिजे म्हणून मी लिहितो. काकीला कळलं तर मला जेवण मिळायचं नाही.

नोव्हेंबरमध्येच मी झाड तोडायला माणूस बोलावला होता. काकी म्हणाली, "थांब. ज्ञानदाला पत्र टाकलंय. ती शिकलेली आहे, तिला इचारल्याशिवाय नको." मी म्हटलं, "काकी, तुला झाड पाहिजे तर तसं सांग ना, मी काय परका आहे?" तर म्हणते, "मला कशाला पाहिजे? मी काय झाड खाते? पुस्तकात असेल तर ठेव, नसेल तर तोड." तुला तर माहीत आहे ती कशी आहे. स्वतःसाठी तिने कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नसेल. तिला वाटलं, आपलं मन मध्ये आणायला नको. पोरगी पुस्तकातून लिहून देईल आणि काम होईल. तीन आठवडे तिने मला थांबवून ठेवलं. रोज पोस्टमनची वाट बघायची. वत्सलामावशी चिडवायची, "मीरेला या वयात कोनाचं पत्र येनारे?"

तुझं पत्र आलं तेव्हा तिचा चष्मा सापडेना, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. तिला ऐकू जावं म्हणून तर अजून मोठ्याने. "काटा नसेल तर ते झाड नाही." मी हसलो पण. म्हटलं, "बघ काकी, तुझ्याच भाचीने सर्टिफिकेट दिलं." ती उठली आणि मागे गेली. मला वाटलं भांडी घासायला. नंतर कळलं, झाडावर हात फिरवत होती.

एक गोष्ट सांगतो, मग पत्र बंद. तू "हेही तेच झाड" एवढं लिहिलं असतंस ना, तर मी खोल्या विहिरीकडे सरकवल्या असत्या. जागा होती. खरंच होती.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. मी पण झोपत नाही.

खोल्यांचं काम बंद केलं आहे. बुंधा अजून जमिनीत आहे. तो उपटायला जेसीबीवाला येणार होता, त्याला नको सांगितलं. का ते विचारू नको, मलाच माहीत नाही. फोन उचल.

सिद्धेश

कोल्हापूर
९ एप्रिल २०२५

आत्या,

सिद्धेशने लिहिलं. त्याला जेवण बंद करू नकोस.

तीन आठवडे तू पोस्टमनची वाट पाहिलीस आणि मी दोन पेपरांमधल्या एका दुपारी घाईत उत्तर दिलं. तू झाडाबद्दल विचारलंस असं मला वाटलं. तू माझ्याकडे काहीतरी मागत होतीस, ते मला कळलंच नाही. तू आजवर कधी काही मागितलं नाहीस, म्हणून मागताना कशी दिसतेस ते मला माहीत नव्हतं.

मॅडमनी विषय बदलू दिला नाही. म्हणाल्या, चूक लिहून काढ, तोच प्रबंध आहे. मी अजून एकही ओळ लिहिलेली नाही. रोज ती दोन पानं समोर ठेवून बसते.

उत्तर पाठवू नकोस, वाटलं तरच पाठव.

ज्ञानदा

चांदीप
११ मे २०२५

ज्ञानदा,

आशीर्वाद. या वेळी मोजून घे, दोन महिन्यांचे साठले आहेत.

उत्तर पाठवलं नाही कारण लिहायला काही नव्हतं. आज आहे. अंगठ्याला चिंधी बांधली आहे, अक्षर लावून घे.

वैशाख लागला. मला वाटलं, या वर्षी मागच्या अंगणात कोणी यायचं नाही. काल दुपारी भांडी घासत होते तर दाराशी वत्सला, तिच्या मागे पाड्यावरच्या पाच-सहा जणी. वत्सलाच्या हातात मीठ-मिरचीची वाटी. मी म्हटलं, "अगं, झाड कुठाय आता?" तर म्हणते, "झाड नाय तर नाय. कैऱ्या आनल्यात. बसायला तुझं अंगन हाय ना?"  मी पाटावर पाट मांडत बसले.

वत्सलाला पाट नको झाला. म्हणाली, "हा बुंधा काय वाया घालवायचा?" आणि जाऊन बसली. बसली कसली, बूड टेकलं नाही तोच "आई गं!" म्हणून अशी किंचाळून उठली की मलासुद्धा ऐकू आलं. सगळ्यांना वाटलं विंचू. सिद्धेश काठी घेऊन धावत आला.

विंचू नव्हता. सुकलेल्या पाल्याखाली, बुंध्याच्या कडेने, सालीतून फुटवे आले आहेत. नऊ आहेत, मी मोजले. बोटाएवढे जाड, तांबूस पालवी. आणि काटे, ज्ञानदा. खालपासून वरपर्यंत काटे. बोटाच्या पेराएवढे. मी मुद्दाम एकावर अंगठा दाबून बघितला. रक्त आलं तेव्हा खात्री पटली.

चाळीस वर्षं त्या झाडाला मी हात लावला, त्याने मला कधी ओरखडासुद्धा काढला नाही. मला माहीतच नव्हतं त्याच्या पोटात हे आहे. मी तिथेच मातीत बसले. बाया म्हणाल्या, मीरा हसते की रडते? मला तरी कुठे कळत होतं.

सिद्धेशने काठी खाली ठेवून वाकून बघितलं. मग म्हणाला, "काकी, ज्ञानदाचं वाक्य खरं निघालं की. काटा आहे, म्हणजे तेच झाड." मी त्याला काठीनेच मारणार होते. पण तो रडत होता, म्हणून सोडलं.

वत्सला कालपासून पालथी झोपते आहे. तुला सांगायला सांगितलंय की तिचं नावसुद्धा त्या चिठ्ठीवर पाहिजे, गोळा करणार म्हणून.

एक फुटवा छाटून पुठ्ठ्यात बांधला आहे. पाकीट सांभाळून उघड, काटा कागदातून बाहेर आला आहे. नऊपैकी एक तुला दिला. आता आठ राहिले. तो प्रबंध लिही. हा काटा समोर ठेवून लिही.

आता कामाचं. शेळ्या. काल संध्याकाळी दोन आत आल्या, एका फुटव्याचा शेंडा खाल्ला. बुंध्याला कुंपण पाहिजे. सिद्धेश तार आणतो म्हणाला. मी म्हटलं, तार नको. बांधावरच्याच्या चार फांद्या तोडून हिच्याभोवती लावू. ते चाळीस वर्षं वालाची राखण करत होतं, आता हिची करू दे. पण त्या झाडाला हात लावायचा नाही, असं तू लिहिलं होतंस. अजून मी लावलेला नाही.

तर चार फांद्या तोडू का? तुझं पत्र येईपर्यंत थांबते. शेळ्या थांबायच्या नाहीत, तेव्हा सगळं पुस्तक वाच, पण लवकर वाच.

मीरा आत्या